पायरीमागे अडीच तास

"बाबा, मला बनवायला किती खर्च आला?"

हा प्रश्न माझा नव्हता, भोंग्याचा होता. भोंगा म्हणजे माझी मैत्रीण. ती कुजबुजली तरी शेजारच्या वर्गातली पोरं मान वळवतात, म्हणून ते नाव. दुसरी सुतळी. ती इतकी बारीक आहे की तिच्या नावाचं कारण सांगायला नको. दोघी वर्कशॉपच्या फाटकाला लटकल्या होत्या आणि पैज अशी होती की मी हे बाबांना, सगळ्यांसमोर, न हसता विचारलं तर भोंगा आठवडाभर माझं दप्तर उचलणार. महिन्याभरापूर्वी ही पैज कुणी लावलीच नसती. तेव्हा मी न बोलणारी होते. मग एक दिवस गणिताच्या सरांनी फळ्यावर उणे चिन्ह गाळलं, सगळा वर्ग तो चुकलेला हिशेब मुकाट्याने वहीत उतरवत होता आणि माझ्या तोंडून, माझ्याच, निघून गेलं, "सर, तिसऱ्या ओळीत चुकलंय." सर थांबले, मागे सरले, बघत राहिले आणि म्हणाले, "खरंच की." एवढंच. पण त्या दोन शब्दांनी माझ्या घशातलं कसलं बूच उडालं देव जाणे, त्या दिवसापासून मी बसवाहकाशी वाद घालते, बाईंना शंका विचारते, आरशासमोरसुद्धा गप्प राहत नाही. टोळीने मग मला कामच नेमून दिलं. कुणाला काही विचारायचं असलं की मला पुढे ढकलायचं.

बाबा गोल जिन्याच्या पोटात उकिडवे बसले होते, कानावर खडू. आमच्याकडे लोखंडी जिने बनतात. तयार जिना नावाची वस्तू आमच्याकडे नाही. प्रत्येक जिना कुणा एकाच्या घराच्या मापाचा, दुसऱ्या घरी तो बसतच नाही. म्हणून प्रत्येक जिन्याचं एक जाड पिवळं कार्ड. त्या जिन्यासाठी आलेला पाइप, पत्रा, वेल्डिंगच्या कांड्या, कुणी किती तास कापलं, जोडलं, घासलं, सगळं त्याच कार्डावर. उरलेले तुकडेसुद्धा वजन करून त्याच कार्डावर वजा होतात. आमच्या घरात सगळ्यात जास्त वेळा बोललं जाणारं वाक्य म्हणजे, "हे कुठल्या कामावर टाकायचं?" खडूचा डबा आला, टाका. ट्रकवाल्याला चहा पाजला, टाका. दारामागे तीन मोठे खिळे आहेत, वर बाबांच्या अक्षरात लिहिलंय: यायचं, चालू, गेलं. कार्ड पहिल्या खिळ्यावरून तिसऱ्यावर गेलं की जिना कुणाच्या तरी घरात उभा राहिला असं समजायचं.

बाबांनी डोकं वर केलं नाही. खडूने एक रेघ मारली आणि म्हणाले, "अजून काम चालू आहे. पुरं झाल्याशिवाय खर्च कसा सांगणार?"

वेल्डरकाकांनी तोंडावरचं झाकण वर करून हसून घेतलं. भोंग्याच्या किंकाळीने पत्रे थरथरले. सुतळी फाटकावरून पडता पडता राहिली. कोपऱ्यातल्या काचेच्या पेटीत, म्हणजे आमच्या ऑफिसात, बसलेली आईही हसली, डावा हात उजव्या खांद्यावर ठेवून, कारण हल्ली हसलं तरी तिचा खांदा दुखतो. मीही हसले. पैज जिंकले होते. आपापली दप्तरं ओढत दोघी ओरडत गेल्या, "चालू काम! ए चालू काम!" आणि माझं हसू तोंडावर तसंच राहिलं, कुणी तरी काढायला विसरल्यासारखं. माझी नजर त्या मधल्या खिळ्यावर गेली होती. पाच कार्डं होती त्यावर. मला वाटलं, वाटलं काय, दिसलंच, की सगळ्यात मागे, भिंतीला चिकटून, एक सहावं आहे. सोळा वर्षं तिथेच लटकलेलं. गिऱ्हाईक: घरचंच. कधी द्यायचं: रिकामं.

"चल, बस," आई म्हणाली. "मी निघते. दातांच्या डॉक्टरांच्या जिन्याचं कार्ड काढून ठेवलंय. खर्च मांड, मी साडेसहाला येऊन नजर फिरवते. सातच्या आत दर गेला पाहिजे त्यांना." मग ती बाहेर पडली आणि मी आत शिरले. हे सांगायला सोपं आहे, करायला नाही. पेटीचं दार आत उघडतं. आतल्या माणसाने आधी स्टूल लिहायच्या फळीखाली सरकवायचं, पोट आत घेऊन भिंतीला चिकटायचं, मग दार उघडायचं, मग बाहेरच्याने तिरपं आत यायचं आणि आतल्याने तिरपं बाहेर जायचं. त्या एका क्षणी मी आणि आई नाकाला नाक लावून उभ्या असतो. रोज दुपारी चारला. तिच्या पदराला कार्डांचा वास असतो आणि माझ्या गणवेशाला डब्याचा. त्या क्षणी आम्ही कधीच काही बोलत नाही. दोघींना एकाच वेळी श्वास घ्यायला तिथे जागा नाही.

पेटी मुळात आमची नाही. ती एका थिएटरची तिकीटखिडकी आहे. मी दोन वर्षांची असताना थिएटरच्या मालकाने ती बनवून घेतली, लोखंडी चौकट, तीन बाजूंना काच, समोर बोलायला अर्धगोल भोक, खाली पैसे सरकवायला फट. काचेवर सोनेरी अक्षरांत 'तिकिटे' असं रंगवूनही झालं होतं. आणि न्यायच्या आठवड्यात थिएटरच बंद पडलं. आता तिकीटखिडकी कोण घेणार? मापाने बनवलेल्या वस्तूचं हेच असतं, तिचा माणूस गेला की ती कुणाचीच नसते. बाबांनी ती वितळवायला द्यायची म्हणून दोनदा ट्रक बोलावला आणि दोनदा परत पाठवला. स्वतः केलेलं काम मोडायला त्यांचा हात धजत नाही. शेवटी ती वर्कशॉपच्या कोपऱ्यात उभी केली, तिचा खर्च थोडा थोडा करून दोन वर्षांच्या सगळ्या जिन्यांवर पसरला आणि आईला म्हणाले, बघ, तुला ऑफिस झालं. सोनेरी अक्षरं कुणी पुसली नाहीत. आत बसलं की ती उलटी दिसतात. मी वाचायला शिकले ती याच पेटीत, आईच्या मांडीवर, आणि बरेच दिवस मला वाटायचं की काही शब्द बाहेरच्यांसाठीच लिहिलेले असतात आणि आतल्यांनी ते उलटे बघायचे असतात.

स्टूल ओढलं, बसले. कोपर फळीवर टेकलं आणि खांदा आपोआप कानाकडे गेला. थिएटरचा तिकीटवाला ताडमाड होता म्हणे. बाबांनी त्याला उभं करून त्याच्या कोपराचं माप घेतलं आणि त्या मापाने फळी बसवली. बाबा मापाच्या बाबतीत वेडे आहेत. जिना मागायला येणाऱ्याला ते खुर्ची देत नाहीत, एकावर एक लाकडी पाट्या रचतात आणि म्हणतात, "चढा." माणूस चढतो. बाबा खाली बसून त्याचा गुडघा बघतात. एक पाटी काढतात, घालतात, पुन्हा चढा. दातांच्या डॉक्टरांची म्हातारी आई आली होती, तिला त्यांनी अकरा वेळा चढवलं, हाताला धरून, "सावकाश, आजी, घाई नाही." मग डॉक्टरांना सांगितलं, "पायरी अर्ध्या इंचाने खाली घेतो. एक पायरी वाढेल, अठरा होतील, पण आजींचा गुडघा वाचेल." म्हातारीच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं असतं. आणि हाच माणूस चौदा वर्षं रोज या काचेसमोरून जातोय, आत आपली बायको परक्या उंच माणसाच्या कोपरावर लिहितेय, खांदा वर उचलून, आणि त्यांना ते दिसलं नाही. नाही, दिसलं. आईने सांगितलं होतं. "फळी जरा खाली घ्या हो." "घेऊ घेऊ. हातातलं काम संपू दे." हातातलं काम आमच्याकडे कधीच संपत नाही, एक जिना गेला की दुसरा येतो. फळीचं कार्ड कुणी उघडलंच नव्हतं आणि ज्याचं कार्ड नाही ते काम आमच्या वर्कशॉपमध्ये होत नाही. आता डॉक्टर, म्हणजे खांद्याचे, दातांचे नव्हेत, म्हणतात की सांधा आखडलाय, बसणं कमी करा.

म्हणून गेल्या आठवड्यात जेवताना बाबा म्हणाले होते, "हिची परीक्षा झाली की ही दिवसभर बसेल. मग तुझा खांदा सुटेल." इतक्या प्रेमाने म्हणाले की ते प्रेम नेमकं कुणावर आहे हे मला पहिल्या घासाला कळलंच नाही. आईने माझ्याकडे पाहिलं, मग वाढायला लागली. माझ्या दप्तरात तेव्हाही तो फॉर्म होता, आताही आहे, आता आठ दिवसांचा झालाय आणि कोपऱ्यांना दुमडलाय. पुढच्या शाळेचा. शहराच्या पलीकडच्या टोकाला, दोन बस बदलून, सकाळी सातला निघायचं आणि संध्याकाळी सहाला परत. भोंगा आणि सुतळीने केव्हाच भरून दिला. उद्या शेवटचा दिवस आणि बाबांची सही हवी. महिनाभर जगाशी बडबडणाऱ्या मला एवढं एकच वाक्य घरात बोलता आलेलं नाही. कारण ते वाक्य कुठूनही सुरू केलं तरी एकाच जागी येऊन थांबतं. मी बाहेर पडले की पेटीत आई. आई बाहेर पडली की पेटीत मी. दाराशी नाकाला नाक लावून उभं राहायचं आणि दोघींपैकी एकीनेच तिरपं निघायचं.

बाहेर घासायचं मशीन सुरू झालं. त्याचा आवाज पेटीत आला की काच दातांसारखी वाजते. लोखंडाची धूळ फटीतून येऊन कार्डावर बसते, फुंकर मारली तर पसरते, बोटाने पुसली तर रेघ उमटते. ती कशी झाडायची हेही आईनेच शिकवलं, कार्ड उभं धरून मागून टिचकी मारायची. अकराव्या वर्षी मला तिने हिशेबाला बसवलं होतं, कारण माझं अक्षर तिच्यापेक्षा सुबक होतं. किती फुशारले होते मी! "बघ," ती म्हणाली होती, "लोखंड दिसतं. ते कुणी विसरत नाही. हात दिसतात, वेल्डरकाकांचे, घासणाऱ्यांचे. तेही कुणी विसरत नाही. वरकड खर्च दिसत नाही. जागेचं भाडं, वीज, खडू, झाडू, चहा. ते कुठल्या एका जिन्याचं नसतं, सगळ्यांचं असतं. म्हणून कामाचा जो तास मोजशील त्याच्या पाठीवर थोडं थोडं वरकड ठेवायचं. जे दिसत नाही ते विसरलीस तर जिना स्वस्त वाटतो आणि घर बुडतं." मी मान हलवली होती. मला वाटलं होतं आई जादू शिकवतेय. न दिसणारं दिसायला लावण्याची.

दातांच्या डॉक्टरांचं कार्ड. अठरा पायऱ्या. पाइप इतका, पत्रा इतका, कांड्या. हात: एकशे साठ तास. वरकड: दर तासाला ठरलेलं. मी मांडत होते आणि पेन्सिल बरोबर चालत होती, तेवढ्यात स्वतः डॉक्टर आले. गुळगुळीत माणूस, दात अर्थातच सुंदर. बाबा हात पुसत पेटीपाशी आले आणि दोघे काचेबाहेर उभे राहिले, मी अर्धगोल भोकाच्या आत.

"दर आज मिळतोय ना? जरा सांभाळून लावा हं."

"सांभाळूनच लावतो, डॉक्टर. तुमच्या आईंच्या गुडघ्यासाठी एक पायरी वाढलीय, तेवढं धरा."

"ते ठीक. पण तुम्हाला इतरांपेक्षा स्वस्त परवडायला हवं. मोठ्या कारखान्यांना कारकून ठेवावे लागतात, ऑफिस ठेवावं लागतं. तुम्हाला काय?" ते वाकले, भोकातून माझ्याकडे बघून हसले. "माझ्याकडे नुसती फोन उचलायला एक मुलगी ठेवलीय, तर बघा महिन्याला केवढ्याला पडते! आणि इकडे बाल्कनीची दोन तिकिटं, काय?"

"हाउसफुल्ल आहे," मी म्हणाले.

"हा हा! जिभेला धार आहे हं."

बाबा अभिमानाने म्हणाले, "अहो, दोघी घरच्याच आहेत. त्यांचा कसला खर्च?"

माझी पेन्सिल थांबली. मशीनही नेमकं तेव्हाच थांबलं, म्हणून ते वाक्य शांततेत पडलं आणि फटीतून आत सरकलं, पैसे सरकवतात तसं. डॉक्टर गेले. बाबा जिन्याच्या पोटात गेले. मी वरकडाची मागच्या महिन्याची यादी काढली. भाडं. वीज. पाणी. खडू, दोन डबे. झाडू, एक. चहा. कुलपाचं तेल. कुलपाचं तेल! मी यादीवरून बोट फिरवत खाली गेले, पुन्हा वर आले. पाच वर्षं ही यादी मी माझ्या सुबक अक्षरात उतरवत होते. झाडू होता, झाडू कुठल्या जिन्यावर टाकायचा यावरून एकदा बाबा आणि वेल्डरकाकांचं भांडणही झालं होतं. आई नव्हती. मी नव्हते. मला एकदम फळ्यासमोर उभं असल्यासारखं वाटलं, सगळा वर्ग मुकाट्याने उतरवतोय, आणि या वेळी उतरवणाऱ्यांत सगळ्यात पुढच्या बाकावर मीच.

मग मी मांडलं. आई दहा ते चार, सहा तास. मी चार ते सात, तीन. रोजचे नऊ. महिन्याचे सव्वीस दिवस, दोनशे चौतीस तास. बाहेर पाच माणसं, आठ तास, सव्वीस दिवस, एक हजार चाळीस. एका तासाच्या पाठीवर पेटीचा किती तास बसतो? भागलं. पुन्हा भागलं. एकशे साठने गुणलं. छत्तीस. या जिन्यात पेटीचे छत्तीस तास आहेत. चोवीस आईचे, बारा माझे. पायऱ्या अठरा. पायरीमागे दोन तास बरोबर, मिनिटही कमीजास्त नाही. डॉक्टरांची आई अर्ध्या इंचाने उतरलेल्या पायरीवर पाय ठेवेल आणि त्या एका पायरीत माझ्या आईच्या खांद्याची ऐंशी मिनिटं असतील, माझी चाळीस, आणि त्या पायरीवर ती मिनिटं कुठेही उमटलेली नसतील. मला एकाएकी पाच वर्षांतले सगळे जिने दिसायला लागले. शहरभर, बंद दारांच्या आत, गोल गोल वर जाणारे, बेकरीतला, शिंप्याच्या माळ्यावरचा, त्या जुळ्या भावांच्या घरातला डावा आणि उजवा, आणि माझ्या दुपारी त्यांत वेटोळं घालून बसलेल्या. लोक त्यांच्यावरून वर जातात. खाली येतात. मी कुठेच जात नाही. बाहेर खेळाच्या तासानंतरचे आवाज येतात, कुणी तरी कुणाला तरी हाक मारतं, आणि मी काचेच्या आत, उलट्या सोनेरी अक्षरांच्या मागे, कुणालाच तिकीट न देता बसलेली.

खरं सांगायचं तर मला तिथून पळून जावंसं वाटलं आणि त्याच क्षणी असंही वाटलं की आकडा खोडून टाकावा. छत्तीस तास जिन्यावर चढवले तर दर वाढेल. डॉक्टर जातील दुसरीकडे. काम जाईल. वेल्डरकाकांना काय सांगायचं, माझ्या भागाकारामुळे तुम्ही रिकामे? पेटीची गंमत हीच आहे, तिला कुलूप नाही. दार नुसतं लोटलेलं असतं. फक्त उघडायला स्वतःच आधी अंग चोरून भिंतीला चिकटावं लागतं. मी खोडरबर उचललं. ठेवलं. उचललं. कार्डावर लोखंडाची धूळ बसत होती आणि छत्तीस हा आकडा हळूहळू करडा होत होता. मी कार्ड उभं धरलं आणि मागून टिचकी मारली.

साडेसहाला आई आली, वाटेत वेल्डरकाकांशी दोन शब्द बोलून. हातात घरच्या किल्ल्या, केस घाईत बांधलेले. ती आत येऊ शकत नव्हती, मी होते ना आत. मी कार्ड फटीतून बाहेर सरकवलं. तिने ते वरून खाली वाचलं, तिची नजर नेहमी ओळीओळीने उतरते, पायऱ्या उतरल्यासारखी. वरकडापाशी थांबली. मी नवी ओळ घातली होती: पेटीतले तास, ३६. मी भोकाला तोंड लावून म्हणाले, "आई, चुकलं असेल तर सांग."

"चुकलंय," ती म्हणाली.



तिने किल्ल्यांच्या जुडग्यातली बुटकी पेन्सिल काढली. "घरी नेते ती कार्डं धरली नाहीस. रात्रीचं आवरलं की सव्वादोन तास होतात रोज." छत्तीसवर एकच बारीक रेघ मारली, शेजारी पंचेचाळीस लिहिलं. न भागता, न गुणता. पंचेचाळीस. तिने हिशेब केलाच नव्हता, तो तिच्याकडे तयार होता. किती वर्षांपासून, ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मला जगातलं काहीही विचारता येतं हल्ली, एवढं आलं नाही. काचेतून ती आणि मी एकमेकींकडे बघत होतो आणि काच मध्ये असल्यामुळेच की काय, पहिल्यांदा पुरेशी जागा होती.

"तुला माहीत होतं?"

"अगं, मीच शिकवलं ना तुला," ती म्हणाली, "न दिसणारं मोजायला." मग हळू, "स्वतःला कुठल्या कामावर टाकायचं ते सुचलं नाही, एवढंच."

"काय कुजबुज चाललीय? दर झाला का?" बाबा आले, हात पुसत. आईने कार्ड त्यांच्या हातात दिलं. त्यांनी दिव्याखाली धरलं. वेल्डरकाकांनी झाकण वर केलं आणि तसंच ठेवलं.

"हे पंचेचाळीस कसले?"

"आमचे," आई म्हणाली.

"आमचे म्हणजे?"

"पायरीमागे अडीच तास," मी भोकातून म्हणाले. "तेहतीस आईचे, बारा माझे. पेटीत बसून आणि घरी बसून."

बाबा हसायला गेले, पण हसू निघालं नाही. त्यांनी कार्ड पुन्हा वाचलं, खडूने आखल्यासारखं बोट ओळीखाली धरून. ते मापाचे माणूस आहेत. माप चुकलेलं नाही हे त्यांना कळत होतं आणि तेच त्यांना छळत होतं, मला दिसत होतं. "असं लावलं तर जिना महाग पडेल," ते म्हणाले, अगदी बारीक आवाजात.

"तो महागच आहे, बाबा. आपण स्वस्तात देत होतो."

"डॉक्टर नाही म्हणाले तर?"

"तर नाही म्हणतील," आई म्हणाली. "त्यांच्या फोनवाल्या मुलीला पगार आहे, हे त्यांनीच सांगितलं ना? ही सांगत होती." मी काही सांगितलं नव्हतं. वेल्डरकाका एकदम झाकण खाली ओढून लोखंडाकडे वळले, मशीन बंद असताना.

बाबांनी काचेतून पेटीत पाहिलं. माझ्याकडे नव्हे. फळीकडे, माझ्या कोपराकडे, वर गेलेल्या खांद्याकडे. मग आईच्या खांद्याकडे. जिना मागायला आलेल्या माणसाचा गुडघा ते बघतात तसं. चौदा वर्षांनी. त्यांचा हात कानाकडे गेला, खडू शोधायला, आणि कानावर खडू नव्हता.

मी दप्तरातून फॉर्म काढला. स्टूल फळीखाली सरकवलं, पोट आत घेतलं, भिंतीला चिकटले, दार आत ओढलं आणि तिरपी बाहेर आले. आत कुणीच शिरलं नाही. रिकामी पेटी मी पहिल्यांदा बाहेरून, दिवा लागलेला असताना बघितली. 'तिकिटे' सरळ वाचता येत होतं. तिसरी ओळ चुकलीय हे सांगायला लागतो तेवढा आवाज शिल्लक होता.

"आई, बाबा, ऐका. दर पंचेचाळीस तास धरूनच जाईल, तो मी उतरवून देते, सातच्या आत. 'यायचं'च्या खिळ्यावर मी एक नवीन कार्ड लावतेय, फळी खाली घ्यायचं, कोपराचं माप आईचं. तिथे बसायचं की दुसऱ्या कुणाला पगारावर बसवायचं ते आई ठरवेल. मी बसणार नाही. मी पुढच्या शाळेत जाणार आहे, रोज सातच्या बसने. इथे सही करा, आणि माझा खर्च विचारला होता ना मघाशी, तो काढू नका, बाबा. मला कुठल्याच कामावर टाकू नका."